तिसरी नवरी
परवा मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडताना पांढरा चीक बोटांना लागला आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न आठवलं. नवरदेव धुळ्याला गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून, दोन बायका वारलेला. तिसरं लग्न अशुभ, म्हणून आधी त्याचं लग्न बांधावरच्या रुईशी लावलं. तिला हळद लावली, मंगळसूत्र बांधलं, आणि अक्षता पडताच त्यानं विळ्यानं तिला बुंध्यातून कापलं. तिसरी मेली, आता अक्का चौथी! पिवळ्या लुगड्यातली अक्का टपटपणाऱ्या चिकाकडे नुसती बघत राहिली. मी दहा वर्षांची, पोरांबरोबर विटीदांडू खेळणारी. तीनदा दांडू हुकला की डाव गेला, मग कुणी कितीही रडो, एवढं आम्हालाही कळत होतं. सगळ्या वऱ्हाडासमोर मी वडिलांवर ओरडले, "आबा, हाऊ ते रडीना डाव शे!" आबांनी मुस्काटात मारली. "चूप ऱ्हाय, बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात." अक्का दोन वर्षांत बाळंतपणात गेली. मी आता म्हातारी झाले, तरी एका गोष्टीनं अजून अंगाचा तिळपापड होतो. त्याच्या पुढच्या लग्नाला रुई लागलीच नाही. पाच शुभ असतात म्हणे.