धुऱ्याची आग

आसेगावच्या त्या शिवारात बैलजोडी राखणारी एकटी रंगूबाई उरली होती. बाकी सगळे ट्रॅक्टर लावून मोकळे झाले, पण हिला सांगणार कोण? नवरा गेल्यावर मोऱ्या आणि चांद्या या दोन बैलांच्या भरवशावर तिनं शेत सांभाळलं. दिवसभर त्यांच्याशी इतक्या मोठ्यानं बोलायची, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, घरी पाहुणे आलेत. "चाल रे बापू, काहून रुसून राह्यला?" असं सारखं चालायचं.

शेजारी चुलत दीर पुंजाजीचं शेत. मधला बांध, म्हणजे आमच्याकडचा धुरा. धुरा जाळणं काही आजचं नाही. चैत्रात वाळलेलं गवत पेटवलं की झुडपं हटतात, साप-किरडू पळतं, आणि पावसात राखेतून कोवळं गवत वर येतं. आगीलाही शेतीत काम आहे, नाही कोण म्हणतो? पण गावात गुरं होती तेव्हा लोक धुऱ्यावरचं गवत कापून न्यायचे, जाळायला उरायचंच कितीसं! आता गुरं नावालाच उरली. गवत कमरेएवढं माजतं, आणि काडी लागली की जाळ सुसाट धावतो. तितराची अंडीसुद्धा त्यात भाजून जातात.

तरी एक रीत होती. पेटवण्याआधी शेजाऱ्याला हाक द्यायची. कोर्टकचेरी चालू असली तरी द्यायची. मग शेजारी निंबाच्या हिरव्या डहाळ्या घेऊन आपल्या बाजूनं उभा राहायचा आणि सरकणारी आग झोडपायचा. पण रंगूबाईनं बांधाचा दगड हातभर सरकवला, असं पुंजाजीच्या डोक्यात बसलेलं. दगड कोणीच हलवला नव्हता, पावसानं माती खचली होती. पण दोघंही एकाच मातीची, ऐकतात कुठं! चार वर्षं बोलणं बंद होतं.

यंदाच्या एप्रिलात भरदुपारी पुंजाजी माचिस घेऊन धुऱ्यावर आला. रंगूबाई गोठ्याच्या सावलीत बसली होती. वारा तिच्याकडेच येत होता. धुऱ्यालगत तिची कुटाराची गंजी, बैलांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा. तिला सगळं दिसत होतं. पण उठेल तर ती रंगूबाई कसली? 'हाक द्याचं काम त्याचं. मी कायले तोंड उघडू?' असं म्हणत ती बसून राहिली. पुंजाजीनंही तिला पाहिलं, मान फिरवली आणि काडी ओढली.

पुढचं काय सांगावं! जाळ धुऱ्यावरून उडाला तो थेट गंजीवर. मग दोघंही धावली, एकमेकांच्या शेजारी उभं राहून डहाळ्यांनी झोडपत राहिली, तरी तोंडातून शब्द नाही. गंजीची राख झाली.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी दारात आला. "वयनी, चुकलं माह्यं. माह्या म्हशीचं कुटार पडलं हाय, त्यातलं अर्धं घेऊन जा."

"तुह्या घरच्या काडीवर माहे बैल जगनार नाहीत," रंगूबाई कडाडली. "उपाशी मेले तरी चालतीन!"

तिचा मुलगा हरीओम म्हणाला, "आई, घे ना वं. बैलायनं काय पाप केलं?" ती ऐकेना. भर उन्हाळ्यात विकतचा चाराही कुठं मिळेना. पंधरा दिवसांत बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी हरीओमनंच त्यांना बाजारात नेऊन विकलं. ती घरात तोंडाला पदर लावून रडली, पण पुंजाजीकडे गेली नाही ती नाहीच.

दलालाकडून ती जोडी घेतली कोणी, तर पुंजाजीनं. सोयाबीनच्या तासांत ट्रॅक्टर शिरत नाही, तिथं तण काढायचा डवरा चालवायला त्याला दरवर्षी बाहेरून बैल आणावे लागायचे. दयेनं घेतले की जिरवायला, देव जाणे. जे कुटार रंगूबाईनं नाकारलं, तेच खाऊन बैल पुन्हा गुबगुबीत झाले.

जुलैत पुंजाजीची डवरणी सुरू झाली. रंगूबाई आपल्या शेतात निंदत होती. सवयीनं ती मजूर बायांना मोठ्यानं काही म्हणाली, आणि धुऱ्यापलीकडे मोऱ्या-चांद्या चालता चालता थांबले, मान वळवून बघत उभे राहिले. पुंजाजीनं हाकललं, तरी हलेनात. मग सपकन् चाबूक बसला.

त्या दिवसापासून रंगूबाई शेतात तोंडातून चकार शब्द काढत नाही.