दोन्ही आकडे खरे

सावली गावच्या दवाखान्यात कुणी प्रेशर मोजायला आलं, की गिरजाबाई आधी त्याच्या हातात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची टोपली द्यायच्या. "सोला," एवढंच म्हणायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. अर्ध्या तासानं पाऱ्याचं यंत्र बाहेर निघायचं. मी शाळामास्तर, मला हे कसं खपणार? बाई स्वतःच्या घरची भाजी रोग्यांकडून सोलून घेतात, असं मी तोंडावर बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाजी त माहीच आहे, मास्तर. पन दोन कोस चालत आलेल्याचं माप लगेच घेतलं, त ते रस्त्याचं माप होते. मानसाचं नाई."

गिरजाबाई तिथल्या नर्स. जंगलाकडच्या गोंड वस्तीतल्या, शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं दवाखान्यातच शिकलेल्या. डॉक्टर दौऱ्यावर गेले की दवाखाना त्याच चालवायच्या. जीभ तिखट, पण आवाज कधी चढायचा नाही.

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला तपासणी. मूल गावापर्यंत मोटारीत उभा, पुढे धक्के खात, मग धापा टाकत जिना चढून मी मोठ्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशे. 'अनफिट' असा शेरा पडला. महिन्यानं फेरतपासणी, आणि तेव्हाही तेच निघालं तर नोकरी गेली. घरी बायको, दोन मुली, आणि मला शिकवण्याखेरीज दुसरं काही येत नाही. खरं सांगतो, मी पार खचलो.

गिरजाबाईंनी मला ताब्यात घेतलं. मीठ तोडलं. "लोनच्याकडं पाहाचं बी नाई," असा हुकूम. सकाळी, तास संपल्यावर, संध्याकाळी, असं तीनदा माप घ्यायच्या आणि एका वहीत लिहायच्या. कधी मला तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढवायच्या आणि वर पोचल्या पोचल्या पट्टा बांधायच्या. आकडा उडायचा आणि माझं तोंड उतरायचं.

"चढनारच ना," त्या म्हणायच्या. "हृदय काई एकाच चालीनं चालत नाई. दम घेतल्यावर आकडा खाली येते का नाई, ते पाहाचं. तुमचा येऊन राह्यला. मंग काऊन भेता?"

मग नळी छातीला लावून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसायच्या. महिनाभरात गावातले आकडे बरेच उतरले, तरी चांद्याचं नुसतं नाव निघालं की मी विषय बदलायचो. त्यांनी ते ओळखलं आणि रजा काढून माझ्यासोबत आल्या.

व्हायचं तेच झालं. पट्टा बांधताच एकशे नव्वद. डॉक्टरांनी पेन उचललं.

"साहेब, थांबा," गिरजाबाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटं त्यायले बसू द्या. मंग पुन्हा मोजा."

"बाहेर रांग आहे, बाई."

"असू द्या. मी बी इथीच हाओ."

कपाळाला आठ्या घालून डॉक्टरांनी दुसरा रोगी तपासायला घेतला. मग मला पुन्हा बोलावलं. एकशे पन्नास. ते वैतागलेच. "यातला खरा आकडा कोणता धरू?"

"दोनी खरे, साहेब. पयले तुमच्यापुढं भेलेले मास्तर होते, हे शाळेतले मास्तर. नोकरी त्यायले शाळेत कराची आहे." आणि त्यांनी वही पुढे सरकवली.

डॉक्टर एकेक पान उलटत गेले. पाळीवरचे आकडे त्यांनी दोनदा वाचले. मला दोनदा जिना चढायला लावलं, नळी लावून ऐकलं, थोडं थांबून पुन्हा ऐकलं. "प्रेशर आहे. जपायला लागेल," ते म्हणाले. "पण हृदय ठणठणीत आहे." आधीचा शेरा खोडून त्यांनी 'फिट' लिहिलं. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

"ही वही कागदांना जोडतो," डॉक्टर म्हणाले. "तपासणी करणाऱ्याचं नाव लागेल. बाई, तुमचं पूर्ण नाव?"

महिनाभर जिच्या जिवावर मी तगलो, तिचं पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि व्हरांड्यातल्या रांगेतली शेवटची माणसंही वळून पाहतील अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गिरजा सोमा मडावी. नर्स, सावली."

डॉक्टरांनी ते नाव माझ्या कागदावर, आपल्या सहीच्या वर लिहिलं.