गुरुजींचं उपरणं

आमच्या शेजारचे गुरुजी गोदाघाटावर दहाव्याचे विधी करत. बोलताना सुरुवात ठरलेली, "ऐका तर खरं." नदीपलीकडच्या राईला लागून दगडाची खाण निघाली. सुरुंगांनी पाखरं पळाली, पिंडाला शिवायला कावळा मिळेना. सगळा घाट तक्रार घेऊन कलेक्टरकडे गेला. गोरा साहेब हसला.

मग खाणीच्या ठेकेदाराचेच वडील वारले. सुतकात सुरुंग बंद, त्यामुळे दहाव्याला कावळे ढिगानं आले, पण पिंडाला एकही शिवेना. गुरुजी पिंडाशेजारी उभे राहून सारखं उपरणं झटकत होते. "माश्या फार! ऐका तर खरं, वडिलांची इच्छा राहिलीय. शब्द द्या."

ठेकेदारानं बहिणीला बांगड्या कबूल केल्या, देवळाला घंटा कबूल केली. उन्हं डोक्यावर आली, तसा रडकुंडीला येऊन ओरडला, "बाबा, खाण बंद करतो!"

गुरुजींनी उपरणं खांद्यावर टाकलं. माश्या संपल्या असाव्यात. कावळे पिंडावर तुटून पडले.