गुरुजींचं रक्ताभिसरण

आमच्या गुरुजींना माणसं दिसतच नसत, माणसांच्या आत फिरणारं रक्त तेवढं दिसे. स्वातंत्र्य येऊन चारसहा वर्षं झाली असतील, तेव्हा उरणकडच्या आमच्या मिठागरांच्या गावात ते शाळामास्तर म्हणून आले. धक्क्यावर उतरले, आणि ट्रंक उचलायला पुढे झालेल्या माणसाचं मनगट धरून, डोळे मिटून तिथंच उभे राहिले. त्या बापड्याला वाटलं, हात बघतायत. त्यानं विचारलं, "बायको कवा मिलंल, मास्तर?" गुरुजी म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, पण तुझं हृदय झकास चाललंय!" पुढं पुढं तर लोक गुरुजी दिसले की आपणहून मनगट पुढं करायचे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची नाडी धरली, आणि धवले गाणाऱ्या बाईला थांबवून सांगितलं, "बाई, जरा आवरतं घ्या, पोरगा भयंकर घाबरलाय." कांदासुद्धा न खाणारा हा माणूस एकदा खाटकाकडून बोकडाचं हृदय केळीच्या पानात गुंडाळून वर्गात घेऊन आला, आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलावा तसं त्यानं ते दोन्ही हातांवर धरलं. मागून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, कालवन कवा करायचं?" हशा पिकला. पण गुरुजींनी वरच्या जाड नळीतून तांब्याभर पाणी ओतलं आणि ते पाणी आत उतरेना, तसे आम्ही माना उंचावून पुढं सरकलो. "बघा रे गाढवांनो," गुरुजी कुजबुजले, "आत झडप आहे. रक्त बाहेर जाऊ देते, मागं येऊ देत नाही. जन्मल्यापासून एक क्षण सुट्टी नाही हिला!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे उघाडी!" आता उघाडी म्हणजे काय, ते बाहेरगावच्या माणसाला सांगायला हवं. खाडी आणि भातशेती यांच्यामधल्या बांधात लाकडी झडपेचं दार असतं. ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर जातं, आणि भरती आली की तिच्याच रेट्यानं ते दार घट्ट मिटतं. उघाडी फुटली की खारं पाणी शेतात शिरतं आणि वर्षाचा भात गेला म्हणून समजायचं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. गुरुजी आधी माझ्याकडे बघतच राहिले, मग वर्ग सोडून खाडीकडे धावत सुटले आणि त्यांच्यामागं आम्ही सगळे. बांधावर ओणवे होऊन ते त्या लाकडी दाराकडे इतका वेळ बघत बसले, की माझ्याही अंगावर काटा आला. रोज गाई हाकताना ज्याच्यावरून मी जायची, तसलंच काहीतरी माझ्या छातीत आहे म्हणे!

झालं, दुसऱ्या दिवसापासून शाळा बांधावर भरू लागली. मिठागराचे पाट म्हणजे रक्तवाहिन्या. चुन्यानं आखलेले चार चौकोन म्हणजे हृदयाचे कप्पे. वडाखाली फुप्फुस, तिथं बिगरीतली पोरं बसून जोरजोरात फुंकरा मारायची. अंगभर फिरून दमलेलं रक्त गोकर्णीचं निळं फूल घेऊन यायचं आणि वडाखालून जास्वंद घेऊन निघायचं. कप्प्यांच्या दारांत आम्ही पोरी हात पसरून उभ्या. उजवीकडची उघाडी माझी. पण मातीचे बांध तुडवले जातात म्हणून मिठागराचा मालक, आमचा शिलोत्री, संतापला आणि त्यानं वर तक्रार केली. डिप्टीसाहेब तपासणीला येणार असं कळलं. तपासणी बिघडली तर गुरुजींची बदली माणगावच्या डोंगरात. गुरुजी गेले तर आमचं काय?

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. फुलं घेऊन पळणारी पोरं बघून त्यांनी विचारलं, "हा काय पोरखेळ?" तरी एका मुलानं दिलेलं गोकर्णीचं फूल घेतलं आणि माझ्या दारातून खालच्या कप्प्यात शिरले. मग गुरुजींना झापायचं आठवलं असावं, गर्रकन मागं वळले. मी हात पसरले.

"साहेब, मागं न्हाय जायाचं. उघाडी हाय."

"अगं पोरी, मी डिप्टी आहे!"

"आसाल. पन आता तुमी रगत हाव. वडाखाली जावा, समदं अंग फिरून या, मंग याल हितं."

गुरुजींचा चेहरा पांढराफटक. पण उघाडी सोडायची म्हणजे काय? साहेबांनी माझ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, बूट काढले आणि चक्क धावत सुटले! टोपी सांभाळत वडाखाली गेले, जास्वंद घेतली, डावे कप्पे ओलांडले, पाटाच्या कडेनं सगळं अंग फिरून धापा टाकत परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं हे आत घेऊन हिंडतोय हो मी. एकदाही विचार केला नाही."

आम्ही जिंकलो म्हणून नाचलो. मूर्ख कुठले! महिन्याभरात हुकूम आला: असा माणूस खेड्यात कशाला वाया घालवायचा, अलिबागला नव्या मास्तरांना शिकवायला पाठवा. आम्ही त्यांना राखायला धावलो, आणि आमच्या धावण्यानंच ते गेले.

निघायच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर लोटलं होतं. शिलोत्रीसुद्धा आला होता, मनगट पुढं करून. मी मात्र रागानं लांब उभी. गुरुजी माझ्याजवळ आले तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, रगत फिरून परत येतं ना हो?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं कितीतरी वेळ पुसला. "येतं गं," ते म्हणाले आणि होडीत चढले.

रक्ताबद्दल गुरुजी आम्हाला कधी खोटं बोलले नव्हते. म्हणून पुढं कितीतरी दिवस शाळा सुटली की मी धक्क्यावर जाऊन बसत असे.