पांढरीवरची गल्ली

वडिलांना माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा मी त्यांना गावाहून धाराशिवला माझ्याकडे आणलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एकच धोशा लावला, "तेरला न्या." एका रविवारी घेऊन गेलो.

तेर म्हणजे जुनं तगर शहर, कधीकाळची राजांची राजधानी. आज तिथं विटांचं, पाठीमागून गोलाकार असं त्रिविक्रमाचं देऊळ आहे आणि गावाभोवती टेकाडं. त्या टेकाडांच्या पोटात ते शहर आहे. अशा जुन्या वस्तीच्या जागेला आमच्याकडे पांढर म्हणतात. तिथली माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून धाब्याच्या, सपाट मातीच्या छताच्या घरांवर दर उन्हाळ्यात तीच टाकायची. वडिलांनी तरुणपणी ती इथूनच गाडीनं वाहिली. लहानपणी आमच्या छतातून कधी मणी गळायचा, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा. आई तो उचलून उंबऱ्याबाहेर ठेवायची. ज्याचा असेल तो नेईल, म्हणायची. सकाळी तो तिथं नसायचा.

दर्शन झालं. मी ओट्यावर टेकलो आणि वडील उठून टेकाडाकडे चालू लागले. फुलं विकणारी बाई हसली.

"ओ सायेब, बाबा निघाले की! राजाच्या भेटीला चाललेत जणू!"

"येतील," मी म्हणालो.

आदल्या रात्री त्यांनी दोनदा अंथरूण ओलं केलं होतं. मला झोप नव्हती. पुढे नदीचा कडा आहे, हे मला माहीत होतं. मनात आलं, जाऊ दे. मी हाक मारली नाही. बसून पाहत राहिलो.

मोकळ्या टेकाडावर ते सरळ चालत नव्हते. समोर काही नसताना डावीकडे वळले. मग अंग चोरून बाजूला झाले, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. पुन्हा वळले. एका जागी मान खाली घालून वाकले आणि दिसेनासे झाले.

तेव्हा मी पळालो. वारा पडला होता. पायाखाली खापऱ्या करकरत होत्या. मी सरळ पळत होतो आणि आपण लोकांच्या घरांमधून, भिंतींमधून जातोय असं सारखं वाटत होतं.

पावसानं कापलेल्या एका घळीत ते बसले होते. दोन्ही बाजूंना विटांचे थर उघडे पडलेले. थोडं पुढे कडा. चपला त्यांनी बाहेर नीट काढून ठेवल्या होत्या.

"अण्णा, चला."

"या पाव्हणं. वाकून या, दार ठेंगणं हाय."

"घरी जाऊ, अण्णा."

"जायाचंच हाय. पोराची वाट बघायलोय. तिकडं देवळापशी बसलाय. मला बघायलाय, पण हाक मारंना."

मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"येईल का वो त्यो?"

मी चपला काढल्या, वाकलो, आत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"निघालाय," मी म्हणालो. "वाटेत आहे."

त्यांना बरं वाटलं. ते थोडे सरकले आणि आम्हा दोघांच्या मध्ये त्यांनी आणखी एका माणसापुरती जागा केली.