अण्णांचा विचार चालू आहे

लातूर शहरात रोज जेवढा विचार होतो, त्यातला निम्मा माझे थोरले साडू एकटे करतात, असं माझं ठाम मत आहे. उरलेला निम्मा बाकीचे लोक वाटून घेतात आणि त्यांचं काही अडत नाही. साडूंना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की कुणीतरी आत्ताच काही विचारलंय आणि त्याचं उत्तर घाईत द्यायचं नाही. एखादं गिऱ्हाईक ‘बरं, येतो मग’ म्हणून पायऱ्या उतरलं, तर दुसरा दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. अण्णा दुपारभर ‘मग’ या शब्दापाशी थांबतात. नुसतं ‘येतो’ म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. ‘मग’ कशाला म्हणाला? एसटीत बसायचं तर ऊन कोणत्या अंगाला येणार याचा विचार आधी होतो. सूर्य कुठं आहे, रस्ता कुठं वळतो, हे सगळं मनाशी जुळेपर्यंत जागा भरून जातात. एकदा ते लातूरहून अहमदपूरपर्यंत उभे आले, पण उभे सावलीच्या बाजूला होते, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. मी एकदा त्यांच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला, तर दुसऱ्या दिवशी फोन आला. “साडूभाऊ, काही चुकलं का आमचं? अंगठाच का पाठवलात?” यावर माझी मेहुणी, म्हणजे ताई, म्हणते, “ह्यांची गिरणी दळण संपलं तरी बंद होत न्हाई बघा.” तिच्या बोलण्यात तक्रार नसते. लोक हवामान सांगतात तसं ती सांगते.

तर या अण्णांचा एक जिवाभावाचा दोस्त देगलूरला असतो. करीमभाई. दोघं उदगीरला कॉलेजात एका बाकावर होते. करीमभाईंचं कापडाचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन यायचा, आणि फोनवर दोघं काय बोलायचे ते ताईलाही कधी कळलं नाही, कारण निम्मा वेळ हसण्यात जायचा. करीमभाईंच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा त्यांनी अण्णांसाठी शाकाहारी जेवणाची वेगळी चूल मांडली, वेगळा स्वयंपाकी बोलावला. अण्णा पंगतीत बसले, भजी तोंडात टाकली आणि पाहुण्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, “काय करीम, समद्यांना बिर्याणी आन् मला भज्यावर भागवलंस व्हय?” चेष्टाच होती. शेजारचे हसले. करीमभाईंनी मात्र अण्णांकडे कोऱ्या नजरेनं पाहिलं, मान हलवली आणि ते दुसऱ्या पाहुण्याकडे वळले.

झालं. त्या कोऱ्या नजरेवर अण्णांनी पुढचं अख्खं वर्ष काढलं आणि वर थोडे महिनेही घेतले. आधी ते म्हणाले, “आपलं बोलणं त्याला लागलं.” मग म्हणाले, “त्याला न्हाई, त्याच्या व्याह्यांना लागलं असंल, आन् त्यांच्यामुळं त्याला.” त्यातच करीमभाईंचे फोन बंद झाले, त्यामुळे आता पुरावाच मिळाला. माफी मागायचा मेसेज अण्णा लिहायचे आणि पुसायचे. लगेच माफी मागितली तर चेष्टा मुद्दाम केली होती असं ठरेल, आणि उशिरा मागितली तर एवढे दिवस झोपला होता का, असं तो विचारेल. दिवस जातील तसा उशीर वाढत गेला. ताईनं किती वेळा सांगितलं, “अहो, विचार करीत बसलात त्यापेक्षा एक फोन लावा की!” अण्णा म्हणायचे, “तुला त्याचा स्वभाव माहीत न्हाई.”

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला राहतो. अण्णा एकदा आमच्याकडे मुक्कामाला आले असताना मला देगलूरला काम निघालं. मी म्हणालो, “चला की.” ते गाडीत बसले, याचंच मला नवल वाटलं. नायगावपर्यंत त्यांनी माफीची वाक्यं दोन-तीन प्रकारे मला म्हणून दाखवली. नरसीला चहा घेताना म्हणाले, “साडूभाऊ, मी हितून एसटीनं परत जातो. आज शुक्रवार हाय, त्याची नमाजची गडबड असंल.” मी नुसती गाडी सुरू केली. मग तेही बसले.

करीमभाई दुकानात गादीवर बसले होते. अण्णांना बघून ते उठलेच. अण्णा पायरीवर उभे राहिले आणि पाठ केलेली माफी हळू आवाजात म्हणू लागले. करीमभाई त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. शेवटी त्यांनी कानाला हात लावला. “अरे, जोर से बोल ना रे. कान गये मेरे.”

आतून करीमभाईंची बायको आली आणि तिनं सगळं सांगितलं. ऐकू येणं लग्नाच्या आधीपासूनच कमी होत होतं. मांडवातल्या गलक्यात तर त्यांना काहीच कळलं नव्हतं. कुणी बोललं की मान हलवायची, एवढंच. फोनवर काही समजेना म्हणून फोन बंद केला. डॉक्टरकडे चला म्हटलं की लाजायचे. “आन् रोज म्हणायचे, अण्णा का येत न्हाई? आपून लग्नात त्याला जवाब दिला न्हाई, म्हणून नाराज झाला असंल.”

म्हणजे देगलूरलाही तीच गिरणी चालू होती.

अण्णांनी मग सगळी माफी परत मागितली, यावेळी ओरडून. बाजारचा रस्ता तो. समोरचा चपलांचा दुकानदार उठून बघायला आला, दोन बाया पिशव्या घेऊन थांबल्या. “मी म्हणालो होतो, मला भज्यावर भागवलंस!” अण्णा ओरडले. करीमभाईंनी क्षणभर विचार केला आणि तितक्याच मोठ्यानं विचारलं, “मग? भजे चांगले न्हवते का?”

परतताना अण्णा गाडीत खिडकीबाहेर बघत बसले होते. मला वाटलं, नवीन फेरा सुरू झाला. पण नायगाव यायच्या आत ते म्हणाले, “फोनवर त्याला ऐकू येणार न्हाई. तवा आता जावं लागंल. आन् कानाच्या डॉक्टरकडं तो बायकोबरोबर जात न्हाई, माझ्याबरोबर येईल.” एवढंच बोलले. मी त्यांना इतक्या वर्षांत विचार करताना पुष्कळ पाहिलं होतं, पण विचार संपताना पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्याच आठवड्यात ते करीमभाईंना नांदेडला घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर केला म्हणाले. एका कानाला मशीन लावून भागेल. दुसऱ्याचं आता काही होणार नाही. करीमभाई मशीन लावून आमच्या ओसरीत बसले आणि पंख्याचा आवाज ऐकून खूश झाले.

करीमभाईंना देगलूरच्या गाडीत बसवून आल्यावर अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, “साडूभाऊ, लग्नानंतरही त्याला थोडंथोडं ऐकू येत असंल की. शेजारी बसून बोललो असतो, तर माझा आवाज गेला असता त्याच्या कानात. तेवढे दिवस मी घरात बसून त्याच्याबद्दल विचार करीत होतो.”