जावयाने केलेली दाढ

वामनराव माझ्या क्लिनिकमध्ये आले तेव्हा आधी त्यांचा उजवा गाल आत शिरला, मग दोन मिनिटांनी वामनराव. खोटं वाटत असेल तर रिसेप्शनच्या मुलीला विचारा. तिने दोन पेशंटचा नंबर लावला होता.

वामनराव अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकतात. त्यांनी मेथी पुकारली की मोर्णा नदीपलीकडच्या बायका पिशव्या काढतात. त्या दिवशी मात्र ओठ जेमतेम हलत होते. सोबत त्यांच्या पत्नी होत्या, काकू.

"कान ठनकून राहिला दोन महिन्यांपासून," वामनराव म्हणाले.

"कानासाठी दाताच्या डॉक्टरकडे?"

"कानाच्या डॉक्टरनंच हाकललं जी इकडे."

तोंड उघडायला लावलं. वर मोठी दाढ, तिच्यावर झकास कॅप. एक्सरेत दिसलं की रूट कॅनल आधीच झालंय, आणि मुळाच्या टोकाशी काळा डाग आहे. डाग म्हणजे इन्फेक्शनने तिथलं हाड खाल्लंय.

"हे रूट कॅनल कुणी केलं?"

वामनराव छताकडे पाहू लागले. काकू पर्सची चेन उघडू-लावू लागल्या.

"होते एक डॉक्टर."

"नाव सांगा. जुना एक्सरे मिळाला तर बरं."

"नाव कायले पाह्यजे? दाढ पाहा ना."

शेवटी काकूच म्हणाल्या, "जावई हायेत आमचे. अमरावतीले दवाखाना हाये त्याइचा."

एका किडक्या वांग्यावरून अडत्याच्या सात पिढ्या उद्धरणारा हा माणूस. पण मांडवात ज्याचे पाय धुतले त्याला 'तुमची दाढ सडली' कसं म्हणणार? म्हणून त्यांनी दुखणं उचलून कानात नेऊन ठेवलं. वर लसणाचं तेलही ओतलं.

"आणि जावयांना काहीच कळलं नाही?"

"फोन करतेत ना रोज," काकू म्हणाल्या. "कान कसा हाये म्हून इचारतेत."

दाताचा डॉक्टर दोन महिने सासऱ्याच्या कानाची चौकशी करत होता.

"पन डॉक्टरसाहेब, नस तं काढली होती. मेलेली दाढ दुखते काहून?"

"नस गेली काका, भोवतीचं हाड जिवंत आहे. या दाढेला मुळं तीन, पण आतल्या नळ्या बहुतेक वेळा चार असतात. चौथी केसाएवढी, लपून बसलेली. ती साफ करायची राहिली की जंतू तिथे संसार थाटतात. माझ्याकडूनही राहिली आहे कुणाकुणाची. पुन्हा उघडून साफ करू, दाढ वाचेल."

"उघडली तं कॅपले भोक दिसन ना त्याइले. तुमी काढूनच टाका. पडली म्हून सांगू."

अजून वीस वर्षं ऊस सोलेल अशी घट्ट दाढ, आणि हे ती जावयाच्या इभ्रतीवरून ओवाळून टाकायला निघालेले. तोवर सूज डोळ्याकडे सरकत होती. मी म्हटलं, "काका, घरी जाऊन विचार करण्याची ही वेळ नाही. आजच पू काढायला हवा."

काकूंनी पर्समधून फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, यायचा कान बरा हाये. तुमची दाढ पिकली. जुना एक्सरे घेऊन या."

पलीकडे ड्रिल बंद झाल्याचा आवाज आला.

"मला दिवाळीतच शंका आली होती आई. पण बाबा सगळ्या बाजाराला तोंड उघडून माझी दाढ दाखवत होते. मग कसं बोलणार?"

दोन तासांचा रस्ता जावई सव्वा तासात आला. तोवर मी कॅपला भोक पाडलं होतं. पू असा उसळला की मी मागे सरलो आणि माझा चष्मा माझ्याही मागे. वामनरावांनी दोन महिन्यांनंतर पहिला मोकळा श्वास घेतला. आठवड्याने सूज उतरल्यावर नळ्यांमधलं जुनं, रबरासारखं भरण उपसलं आणि भिंगाच्या चष्म्यातून चौथी नळी शोधली. 'इथे आहे सर,' त्यासाठी पुन्हा आलेल्या जावयाने माझ्या आधी दाखवली. हे पहिल्याच वेळी दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणालो. मनात. पूर्ण वेळ सासरा तोंड वासून गप्प होता आणि जावई सक्शनने त्याची थुंकी ओढत होता. असा मानपान वऱ्हाडातल्या कुठल्याच मांडवात झाला नसेल.

सहा महिन्यांनी एक्सरे काढला. हाड भरत आलं होतं. वामनराव पुन्हा मेथी पुकारतात.

धडा असा. घरच्या माणसाची दाढ जरूर करावी, पण नंतर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. एक्सरे काढावा. मी स्वतः मागच्या वर्षी सासूबाईंचं रूट कॅनल केलंय. वामनराव तो एक्सरे काढून घरी गेले त्या संध्याकाळी मी सासूबाईंना फोन केला. दाढ कशी आहे, विचारलं.

"एकदम छान," त्या म्हणाल्या.

चौदा वर्षांत माझ्या कुठल्याही कामाबद्दल हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नव्हता. मी गाडी काढली.